दंतशिक्षणातलं डिजिटल संशोधन कुठे चाललंय, हे शोधायची माझी पद्धत

दरवर्षी उन्हाळ्यात, कूलरसमोरून उठवत नाही अशा एखाद्या दुपारी, कोणीतरी पीजी, म्हणजे एमडीएस करणारी मुलगी, माझ्या केबिनच्या दारात येऊन उभी राहते. “मॅडम, लायब्ररी डिझर्टेशनला विषय द्या ना. डिजिटल काहीतरी चालेल.” नागपुरातल्या एका डेंटल कॉलेजात कन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे किडलेले दात भरण्याच्या विभागात शिकवायला लागून मला 19 वर्षं झाली. आधी हीच मुलं ‘इम्प्लांट काहीतरी’ मागायची, मग ‘लेझर काहीतरी’ आलं. आता डिजिटलची पाळी.

विषय वाईट नाही. दंतवैद्यकाच्या शिक्षणात डिजिटल साधनांवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काय संशोधन झालं आणि ते कोणत्या दिशेने सरकलं, हे मोजून दाखवणं एका पीजीला झेपतं. पेशंट लागत नाहीत, ओपीडीत सॅम्पल गोळा करत बसावं लागत नाही, खर्च जवळपास शून्य. सोपं दिसतं, आणि म्हणूनच माणूस यात आपटतो. आम्हीही आपटलो.

झालं असं. एक मुलगी आठच दिवसांत रंगीत नकाशा घेऊन आली, पेपरांत कोणते शब्द किती वेळा आणि कोणत्या शब्दासोबत येतात ते गोळ्यांनी दाखवणारा. मधोमध भलामोठा गोळा, ‘डीप लर्निंग’. त्याला चिकटून ‘कन्व्होल्यूशनल न्यूरल नेटवर्क’, ‘पॅनोरॅमिक रेडिओग्राफी’, ‘केरीज डिटेक्शन’. फँटम हेड (सरावासाठीचं नकली डोकं), सिम्युलेशन वगैरे बिचारे कोपऱ्यात. ती म्हणाली, “मॅडम, डेंटल एज्युकेशनमध्ये सगळीकडे एआयच होऊन राहिलं.” खोटं कशाला सांगू, मीही खूश झाले. जर्नल क्लबला आम्ही तो नकाशा पडद्यावर लावला. मागच्या खुर्चीतून एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, “यातला एक तरी पेपर उघडून पाहिला का?”

नव्हता पाहिला. तिथेच एक उघडला. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवरून, कीड ओळखायला कॉम्प्युटरला शिकवल्याचा पेपर होता. दुसरा उघडला, तोही तसाच. शिकणारा होता खरा, पण तो विद्यार्थी नव्हता, कॉम्प्युटर होता. आम्ही शोधताना लिहिलं होतं ‘डेंटल’ आणि सोबत ‘लर्निंग’ किंवा ‘ट्रेनिंग’. मशीनवाल्यांच्या भाषेत डीप लर्निंग हेही लर्निंगच, आणि ट्रेनिंग सेट (मशीनला शिकवायला दिलेली उदाहरणं) हेही ट्रेनिंगच. शोधयंत्राने आमच्याशी काही दगाफटका केला नव्हता. मागितलं तेच दिलं होतं.

त्यानंतर हे काम मी जसं करवून घेते, ते खाली लिहिते आहे.

आधी प्रश्न, तोही मराठीत

लॅपटॉप उघडायच्या आधी एका कागदावर प्रश्न मराठीत लिहून आणायचा, ही माझी पहिली अट. मुलं हसतात. पण इंग्रजीत ‘ट्रेंड्स इन डिजिटल टेक्नॉलॉजीज’ असं लिहिलं की काहीच न म्हणता खूप म्हटल्यासारखं वाटतं. मराठीत लिहायला घेतलं की ‘कुणाचं शिक्षण?’, ‘कशाचं?’, ‘कधीपासून?’ हे प्रश्न आपोआप अंगावर येतात. त्या मुलीने शेवटी लिहिलेला प्रश्न असा होता: ‘2000 ते 2024 या काळात बीडीएसच्या मुलांना हाताचं काम शिकवायला कोणती डिजिटल साधनं वापरली गेली, आणि त्यावर लिहिणारे लोक कोणत्या साधनाकडून कोणत्या साधनाकडे गेले?’ यात पेशंटला ब्रश करायला शिकवणारी ॲप बाद झाली. डॉक्टरांसाठीचे वेबिनार बाद झाले. अर्धं काम तिथेच झालं.

या प्रकारच्या मोजणीला बिब्लिओमेट्रिक्स म्हणतात. ॲलन प्रिचर्ड यांनी 1969 मध्ये हा शब्द रूढ केला. आमचे ग्रंथपाल मात्र हे ऐकलं की लगेच सांगतात, “मॅडम, आपल्या रंगनाथनांनी 1948 मध्येच लायब्रमेट्री म्हणून ठेवलं होतं.” खरं आहे ते. ग्रंथालयाचं काम आकड्यांनी मोजावं, हा विचार त्यांनी त्या वर्षी इंग्लंडमधल्या परिषदेत मांडला होता. ग्रंथपालांशी मैत्री करा, हा सल्ला इथेच देऊन टाकते. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

एक गोष्ट मनाशी पक्की असू द्या. लोक कशावर लिहून राहिले, एवढंच या मोजणीतून कळतं. कशाने मुलांचा हात बसतो, हे त्यातून कळत नाही. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर ‘परिणामकारकता’ हा शब्द दिसला की मी लाल पेनाने खोडते.

रान माहीत असल्याशिवाय मोजणी करू नका

ज्याला विषयाचा इतिहास माहीत नाही, त्याला नकाशात चुकीचा गोळा आला तरी खटकत नाही. आम्हाला खटकला नव्हताच. म्हणून मोजणीआधी दोन आठवडे नुसतं वाचायचं.

फार मागे जायला नको, पण सुरुवात फँटम हेडपासून करा. ऑस्वाल्ड फर्गस यांनी 1894 मध्ये पहिलं केलं असं मानतात, आणि आपल्या प्री-क्लिनिकल लॅबमध्ये आजही तीच कल्पना टेबलाला आवळून बसवलेली असते. पुढे दोन धागे वेगवेगळे चालतात. एक धागा उपचाराच्या साधनांचा. झुरिकमध्ये मोरमान आणि ब्रँडेस्टिनी यांनी 1985 मध्ये सेरेक या यंत्राने पेशंटला खुर्चीतच इनले (दातात बसवायचं घडवलेलं भरण) बसवली, तिथून कॅडकॅम (कॉम्प्युटरवर आखून यंत्राने घडवणं), स्कॅनर वगैरे. दुसरा धागा शिकवण्याच्या साधनांचा. आधी कॉम्प्युटरवरचे धडे आले, मग हँडपीस (दात कापायचं ड्रिल) कुठे फिरतो ते कॅमेऱ्याने टिपणारं डेंटसिम, मग हाताला दाब जाणवून देणारे हॅप्टिक सिम्युलेटर. त्यात लंडनच्या किंग्ज कॉलेजचा हॅपटेल प्रकल्प, ॲमस्टरडॅमच्या ‘आक्टा’ या दंतमहाविद्यालयाने मूग कंपनीसोबत केलेलं सिमोडॉन्ट. 2020 च्या टाळेबंदीत सगळं झूमवर गेलं. आणि 2022 च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं, त्यानंतरच्या पेपरांबद्दल बोलायलाच नको.

हे दोन धागे कुठे गाठ मारतात तेही बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. आमच्या सेकंड इयरच्या परीक्षेचं उदाहरण घ्या. मुलगा टायपोडॉन्टवर (नकली दातांच्या जबड्यावर) क्लास टू कॅव्हिटी, म्हणजे दाढेच्या बाजूने भरणासाठीचा खड्डा, कापतो. दोन परीक्षक मिरर-प्रोब घेऊन वाकून बघतात. एक म्हणतो जिंजायव्हल सीट (खड्ड्याचा हिरडीकडचा तळ) खोल गेली, दुसरा म्हणतो चालतंय. एक 6 देतो, एक 8. वर्षानुवर्षं असंच चालू आहे. आता तोच दात इंट्राओरल, म्हणजे तोंडात फिरवायच्या स्कॅनरने स्कॅन करून आदर्श कॅव्हिटीवर चढवून बघता येतो. जास्त कापलं तिथे एक रंग, कमी कापलं तिथे दुसरा. प्रेपचेकसारखी सॉफ्टवेअर यासाठीच निघाली. म्हणजे पेशंटसाठी आलेला स्कॅनर गुण द्यायला वापरला गेला. अशा पेपरांत कीवर्ड म्हणून ‘एज्युकेशन’ असेलच असं नाही. ‘असेसमेंट’ असेल, ‘टूथ प्रिपरेशन’ असेल. इतिहास वाचलेला असेल तर हे शब्द तुम्ही शोधात घालाल, नसेल तर हा सगळा गठ्ठा हातचा जाईल.

हॅप्टिकबद्दलही एक बारीक गोष्ट. खऱ्या दातात बर (ड्रिलचं टोक) एनॅमल हा वरचा कडक थर ओलांडून आतल्या डेंटिनमध्ये शिरतो, तेव्हा हाताला कळतं. आवाज थोडा बदलतो, बर जरा सुळकन पुढे जातो. काढलेले दात बाटलीत साठवून आपण मुलांना देतो ते त्या एका क्षणासाठी. प्लास्टिकच्या टायपोडॉन्टमध्ये तो नीट येत नाही. सिम्युलेटर तो आणायला बघतात. कुणाचा किती जमला, यावर वाद आहेत. ‘रिॲलिझम’, ‘व्हॅलिडिटी’ असे शब्द असलेल्या पेपरांचा गठ्ठा नकाशात दिसला, तर त्यामागे हाच वाद आहे असं समजा.

माल कुठून उचलायचा

पबमेड, म्हणजे वैद्यकीय पेपरांची शोधसूची, फुकट आहे, 1996 पासून सगळ्यांना खुलं आहे. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या तशाच सूच्यांना पैसे लागतात, तुमच्या विद्यापीठाकडून मिळतंय का ते ग्रंथपालांना विचारा. पेपर वाचण्याची वेगळी गोष्ट. केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी 2025 पासून सुरू झाली आहे, त्यात सुमारे 13,000 नियतकालिकं आहेत. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे. मेडिकल चौकातल्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या मुलांना जे उघडेल, ते खासगी कॉलेजातल्या मुलांना उघडेलच असं नाही. मग कोणी बॅचमेट शोधतं, कोणी लेखकालाच मेल करतं. लेखकाला मेल करायला लाजू नका. दोन ओळी नीट लिहिल्या की बहुतेक जण पीडीएफ पाठवतात.

पबमेडची एक मर्यादा आधीच कळलेली बरी. तिथून उतरवलेल्या माहितीत पेपराची संदर्भयादी नसते. त्यामुळे कोणते शब्द एकत्र येतात आणि कोण कुणाबरोबर लिहितं, हे काढता येतं. कोणी कुणाला उद्धृत केलं, ते काढता येत नाही. ते हवंच असेल तर स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स, आणि पैसे नसतील तर ओपनॲलेक्स. 2022 पासून ते खुलं आहे आणि व्हॉसव्ह्यूअर हे नकाशा काढायचं सॉफ्टवेअर त्यातून थेट माहिती ओढून घेतं. मी सांगते पबमेड आणि आणखी एक, बस. चार-पाच ठिकाणांहून उचललं की एकच पेपर चार वेळा येतो आणि तो निवडता निवडता डोळे जातात.

सगळं एकाच दिवशी उतरवा आणि तारीख लिहून ठेवा. आमच्या एका मुलाने अर्धं दिवाळीआधी उतरवलं, अर्धं दिवाळीनंतर. तेवढ्यात नवे पेपर येऊन बसले आणि दोन्ही आकडे एकमेकांशी जुळेनात. पुन्हा पहिल्यापासून.

शोधाची ओळ

माझ्या पद्धतीत दोन टोपल्या असतात. पहिलीत ‘कोण’: डेंटल एज्युकेशन, डेंटल स्टुडंट, डेंटल करिक्युलम, प्रीक्लिनिकल. दुसरीत ‘कशाने’: हॅप्टिक, व्हर्च्युअल रिॲलिटी, ऑगमेंटेड रिॲलिटी, ई-लर्निंग, कॉम्प्युटर असिस्टेड, इंट्राओरल स्कॅनर, कॅडकॅम, थ्रीडी प्रिंटिंग, आर्टिफिशियल इंटेलिजन्स, चॅटजीपीटी. टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं. टोपलीच्या आत ‘ऑर’, दोन टोपल्यांच्या मध्ये ‘अँड’. दोन शब्दांची जोडी अवतरणचिन्हात घाला. नाही तर पबमेड स्वतःच्या बुद्धीने अर्थ लावतं. त्याने काय अर्थ लावला ते ॲडव्हान्स्डच्या पानावर ‘डिटेल्स’ उघडलं की दिसतं. ते एकदा तरी बघाच.

पबमेडला मेश नावाची ठरलेल्या शब्दांची यादी आहे. ‘एज्युकेशन, डेंटल’ हा मेश शब्द पहिल्या टोपलीत टाका. मात्र नव्या साधनांसाठी मेशवर विसंबू नका. नवा शब्द यादीत यायला काही वर्षं जातात, तोवरचे पेपर जुन्याच नावाखाली पडलेले असतात. आज ज्याला आपण व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतो, त्यातले पूर्वीचे काही ‘युजर-कॉम्प्युटर इंटरफेस’खाली सापडतील.

आता फसवे शब्द. ‘लर्निंग’ आणि ‘ट्रेनिंग’ची कथा सांगून झाली. ‘सिम्युलेशन’ टाकलं की इम्प्लांटवर किती ताण येतो, ते कॉम्प्युटरवर काढणारे इंजिनिअरी पेपर येतात. ‘मॉडेल’ म्हणजे प्लास्टरचं मॉडेल, गणिती मॉडेल आणि उंदरावरचं मॉडेलसुद्धा. ‘डेंटल हेल्थ एज्युकेशन’ने झेडपीच्या शाळेत दात घासायला शिकवणारे प्रकल्प येतात. चांगली कामं आहेत, पण आपल्या प्रश्नातली नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘डेंटल स्कूल’. हा शब्द सगळ्या रकान्यांत शोधला तर लेखकाच्या पत्त्यातसुद्धा सापडतो, आणि जगातल्या निम्म्या दंतमहाविद्यालयांचं सगळं संशोधन तुमच्या पदरात पडतं. म्हणून शोध शीर्षक, सारांश आणि कीवर्ड एवढ्यातच ठेवायचा.

इथे हुशार मुलं म्हणतात, मग ‘नॉट डीप लर्निंग’ टाकून देऊ. टाकू नका. बीडीएसच्या मुलांना क्ष-किरण वाचायला शिकवताना डीप लर्निंगची मदत घेतली, असे पेपरही आहेत, आणि तेच तर आपल्याला हवे आहेत. ‘नॉट’ने तेही जातील आणि गेल्याचं कळणारही नाही. गाळणी हाताने लावायची.

निवडटिपण

मोसमात कळमन्याच्या मंडीत संत्र्यांचे ढीग पाहिले आहेत ना? बाया-माणसं मांडी घालून बसतात, एकेक फळ हातात घेतात, फिरवतात आणि आकारानुसार वेगळं करतात. कोणाच्या पेटीला काय भाव मिळणार ते तिथे ठरतं. या अभ्यासातही निवडटिपण हाच मोठा भाग. आठ आठवड्यांचं काम असेल तर पाच यात जातात. गाइडला ते दिसत नाही म्हणून मुलं यातच चोरी करतात.

उतरवलेली मूळ फाइल जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. काम प्रतीवर करा. सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली की स्पॅनिश, तुर्की नावांवरच्या मात्रा-टिंबांचा चुथडा होतो. आणि ‘सेव्ह’ दाबलं तर तो चुथडा कायमचा.

मग एकसारखे पेपर काढा. आधी डीओआयवरून (प्रत्येक पेपराला मिळालेला वेगळा क्रमांक), नंतर शीर्षकावरून. त्यानंतर दोघांनी वेगवेगळं बसून शीर्षक आणि सारांश वाचायचा आणि ‘हो’, ‘नाही’, ‘बघू’ असं लिहायचं. एकमेकांचं बघायचं नाही. दोघांचं किती जुळलं ते कोहेनच्या कप्पाने काढा, स्टॅटिस्टिक्सवाले सर पाच मिनिटांत काढून देतात. जुळलं नाही तिथे बसून भांडा. आमच्या भांडणांतूनच नियम तयार झाले. उदाहरणार्थ, इंटर्नवरचा अभ्यास घ्यायचा का? आम्ही घेतला. डेंटल हायजिनिस्टच्या विद्यार्थ्यांचा? नाही घेतला. तुम्ही उलट ठरवाल तरी चालेल, पण लिहून ठेवा.

त्यानंतर शब्दांची प्रतवारी. लेखक कीवर्ड आपल्या मर्जीने लिहितात. ‘थ्रीडी प्रिंटिंग’, ‘थ्री-डायमेन्शनल प्रिंटिंग’, ‘प्रिंटिंग, थ्री-डायमेन्शनल’, ‘रॅपिड प्रोटोटायपिंग’, ‘ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग’. सॉफ्टवेअरच्या लेखी ही पाच वेगळी माणसं. त्यामुळे मोठा विषय पाच लहान गोळ्यांत फुटतो आणि नकाशात दिसतच नाही. व्हॉसव्ह्यूअरला यासाठी थिसॉरस फाइल देता येते. साधी टेक्स्ट फाइल, दोन रकाने. पहिल्या रकान्याचं नाव ‘लेबल’, दुसऱ्याचं ‘रिप्लेस बाय’, अर्थात इंग्रजीत. डावीकडे सापडलेला शब्द, उजवीकडे तुम्हाला हवा तो. उजवीकडचं मोकळं सोडलं की तो शब्द गळतो.

दोन रकान्यांच्या मध्ये टॅब हवा. स्पेस नाही, टॅब. आमच्या मुलीने यादी घरी केली, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवली आणि कॉलेजात येऊन चिकटवली. टॅबचे स्पेस झाले. सॉफ्टवेअर काही फाइल घेईना. दोन दिवस आम्ही शब्दांतली चूक शोधत होतो. लायब्ररीतल्या असिस्टंटने येऊन बाण पुढे-मागे फिरवला आणि म्हणाला, “मॅडम, इथे टॅबच नाही जी.” चहा पाजला त्याला.

एकत्र करताना हातही आखडता घ्या. ‘ई-लर्निंग’ आणि ‘डिस्टन्स लर्निंग’ एक करू नका, कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून केलेलं ई-लर्निंग दूरचं नसतं. ‘हॅप्टिक’ आणि ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ही वेगळे ठेवा. नुसता चष्मा घालून बघणं वेगळं, हाताला दाब लागणं वेगळं. आणि ‘ह्यूमन’, ‘फिमेल’, ‘आर्टिकल’ असले शब्द स्कोपसच्या इंडेक्स कीवर्डमधून ढिगाने येतात. ते न काढता केलेला नकाशा मी एका पोस्टर प्रेझेंटेशनमध्ये पाहिला आहे, मधोमध ठळक ‘ह्यूमन’. परीक्षक दाद देऊन गेले.

लेखकांच्या नावांचं दुखणं आपल्याकडे जरा जास्तच. ‘पाटील एस.’ किती असतील? शेख, देशमुख, ठाकरे, सगळ्यांचं तेच. दहा वेगवेगळे पाटील एस. एक झाले की ते जगातले सर्वाधिक लिहिणारे लेखक ठरतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंचे मात्र दोन तुकडे होतात. माझे स्वतःचे झाले आहेत. ऑर्किड, म्हणजे लेखकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, असेल तर त्यावरून जुळवा, नसेल तर पत्ता आणि विषय बघून. संस्थांचंही तसंच, नागपूर-वर्ध्याच्या एकाच कॉलेजचं नाव ‘गव्हर्न्मेंट’, ‘गव्ह.’, ‘हॉस्पिटल’सह, ‘हॉस्पिटल’शिवाय, ‘डीम्ड’ लागायच्या आधीचं आणि नंतरचं, असं किती तऱ्हेने येतं ते बघून हसू येईल.

नकाशा

हे काम एका दुपारचं. व्हॉसव्ह्यूअर नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या व्हॅन एक आणि वॉल्टमन यांनी केलेलं, फुकट. जावा लागतं. ‘को-ऑकरन्स’ निवडा, कीवर्डमध्ये ‘ऑथर कीवर्ड’ निवडा, थिसॉरस जोडा. एखादा शब्द किमान किती वेळा आलेला असावा, ते विचारतं. 5 तसंच ठेवून बघा, मग 3 आणि 10 करून बघा. तिन्हीत टिकणारा गट खरा. एकातच दिसणाऱ्यावर परिच्छेद लिहू नका. ज्या शब्दांनी शोध घेतला ते, म्हणजे ‘डेंटल एज्युकेशन’ आणि ‘डेंटल स्टुडंट’, नकाशातून काढा. ते सगळ्यांना चिकटलेले असणारच, त्यांना आपणच बोलावलं आहे.

गोळा मोठा म्हणजे शब्द जास्त वेळा आला. जवळ म्हणजे सोबत आला. रंग म्हणजे गट, बाकी लाल-हिरव्याला काही अर्थ नाही. ‘ओव्हरले’ केलं की रंग सरासरी वर्ष दाखवतात, निळा जुना आणि पिवळा नवा. कल बघायचा तो इथे.

आर ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर अरिया आणि कुक्कुरुल्लो यांचं बिब्लिओमेट्रिक्स पॅकेज घ्या. येत नसेल तरी त्याचं बिब्लिओशायनी ब्राउझरमध्ये क्लिक करत चालवता येतं. त्यातला थिमॅटिक मॅप चार चौकोनांचा असतो. खालच्या डाव्या चौकोनावर लिहिलेलं असतं ‘उदयाला येणारे किंवा मावळणारे विषय’. आता हे वाचा पुन्हा. सकाळचा सूर्य की संध्याकाळचा, ते सॉफ्टवेअर सांगत नाही. आमच्या एका मुलाने तिथे पडलेल्या सगळ्या विषयांना ‘इमर्जिंग’ म्हणून टाकलं, त्यात सीडी-रॉमसुद्धा होती.

वाचताना

आलेखात शेवटचं वर्ष घसरलेलं दिसेल. घाबरू नका. नागपुरी संत्र्याचे बहार दोन. आंबिया दिवाळीच्या आसपास उतरतो, मृग फेब्रुवारी-मार्चमध्ये. डिसेंबरात गाड्या मोजून ‘यंदा पीक निम्म्यावर आलं’ म्हणणाऱ्याला बागाईतदार हसतील. चालू वर्षाचे पेपर अजून यायचे असतात. ते वर्ष काढा किंवा आलेखात वेगळ्या खुणेने दाखवा.

2020-21 चा उंचवटाही जपून. टाळेबंदीत प्रत्येक कॉलेजने मुलांना ऑनलाइन वर्ग कसे वाटले याची गुगल फॉर्मवर चाचपणी केली आणि छापली. आम्हीही केली. त्यातून शिकवण्याची नवी पद्धत किती निघाली, ते गट उघडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. उद्धरणांचे आकडे तर जुन्या पेपराच्या बाजूनेच झुकलेले असतात, 2008 च्या पेपराला 16 वर्षं मिळाली, 2023 च्याला एकच. वर्षाने भागून तरी बघा.

मग प्रत्येक गटातले किमान 10 पेपर पूर्ण वाचा. इथे मी एक जास्तीचा रकाना भरायला लावते. कर्कपॅट्रिकच्या चार पायऱ्या आहेत, 1959 पासून प्रशिक्षण मोजायला वापरतात: मुलांना आवडलं का, ते शिकले का, प्रत्यक्ष कामात फरक पडला का, आणि शेवटी पेशंटचं भलं झालं का. प्रत्येक पेपर कुठल्या पायरीवर थांबला ते लिहायचं. माझ्या मुलांचे रकाने पहिल्या पायरीवर गच्च भरतात, दुसरीवर बऱ्यापैकी, आणि चौथ्या पायरीसमोर बहुतेक वेळा रेघ असते. नकाशात जो गोळा सगळ्यात मोठा दिसतो, त्याच्या आत ‘विद्यार्थ्यांना आवडलं’ हेच पुन्हा पुन्हा लिहिलेलं असू शकतं. माझ्या मते डिझर्टेशनमधलं वाचण्यासारखं पान हा तक्ता असतो, रंगीत नकाशा नव्हे. एचओडींना नकाशा आवडतो, तोही लावा.

कोणती नियतकालिकं महत्त्वाची, यावर फार पानं घालवू नका. ब्रॅडफर्डचा 1934 चा नियम लावला की मोजक्या नियतकालिकांत बराच माल सापडतो हे दिसेलच, आणि ‘जर्नल ऑफ डेंटल एज्युकेशन’ व ‘युरोपियन जर्नल ऑफ डेंटल एज्युकेशन’ वर आले नाहीत तर शोधाची ओळ पुन्हा तपासा, काहीतरी हुकलं आहे.

जमा करताना शोधाची ओळ, जशी टाइप केली तशी, तारखेसकट परिशिष्टात द्या. थिसॉरस फाइलही द्या. एथिक्स कमिटीकडून सूट मिळाल्याचं पत्र आधीच घेऊन ठेवा. पेशंट नाहीत म्हणून कुणी विचारणार नाही असं वाटतं, आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी नेमकं तेच विचारतात. त्या मुलीचा पहिला नकाशा, डीप लर्निंगवाला, मी जपून ठेवला आहे. तिने तो डिझर्टेशनच्या ‘मर्यादा’ प्रकरणात स्वतःहून छापला, खाली ओळ लिहिली: ‘चुकीच्या शोधातून आलेला नकाशा, तुलनेसाठी.’ व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले.